रकाना सातवा: संध्याकाळचं गरम जेवण

तुमच्या कागदावर खाडाखोड आहे. रकाना सातवा, ‘संध्याकाळचं गरम जेवण’. आधी ‘आहे’वर खूण, मग त्या खुणेवर दोन आडव्या रेघा, मग ‘नाही’वर नवी खूण. खाली शेरा: ‘पालक बाईने मुलीच्या हातावर मारले. उद्धट.’ तुम्ही ती खाडाखोड पाहिलीत आणि सही ठोकलीत. न बघताच ठोकली असेल, तर ते त्याहून वाईट. एका नऊ वर्षांच्या पोरीला तिच्या माणसापासून तोडायचा कागद होता तो, आणि तुम्हाला एवढंसुद्धा विचारावंसं वाटलं नाही की एकाच संध्याकाळी, एकाच घरात, ‘आहे’चं ‘नाही’ झालं कसं?

नाही विचारलंत. मग न विचारताच ऐका.

पोरीचं घरातलं नाव खारू. खारीसारखी खाणं लपवून ठेवते म्हणून. आई गेली तेव्हापासूनची सवय. मोज्यात बिस्किटं, उशीच्या अभ्र्यात पावाची कड, दप्तराच्या आतल्या कप्प्यात उकडलेला बटाटा. हे तुमच्या पहिल्या कागदावर ‘मूल अन्न लपवते’ असं आलं आहे, म्हणजे मावशी तिला उपाशी ठेवते असा त्याचा अर्थ तुम्ही लावलात. पोरीची आई सकाळी चहा गाळता गाळता खाली बसली ती उठलीच नाही. त्या दिवसापासून त्या पोरीचा कशावरच भरवसा राहिला नाही, उद्याच्या जेवणावर कुठून राहणार? पण याला तुमच्याकडे रकाना नाही.

बाप कधी नव्हताच. राहिली मावशी. एकटी, चाळिशीची, हॉस्पिटलच्या धुलाईत कामाला. साडेआठ ते साडेपाच. तळघरात खोलीएवढाली यंत्रं, त्यात चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे. कुणाचं रक्त, कुणाची ओकारी. ते सगळं इतक्या तापमानाच्या पाण्यात इतकी मिनिटं फिरलंच पाहिजे, आणि प्रत्येक यंत्राशेजारी टांगलेल्या तक्त्यावर तशी नोंद झाली पाहिजे. तिथला एक नियम मावशीच्या हाडात मुरलेला. यंत्र मध्येच थांबलं, वीज जाऊन थांबो नाही तर कुणाचा कोपर लागून थांबो, तर तो लोड, म्हणजे त्या यंत्रातला सगळा कपडा, मळका धरायचा. बाहेर काढल्यावर बगळ्याच्या पंखासारखा दिसला तरी मळका. पुन्हा पहिल्यापासून.

“दिसण्यावर जाऊ नकोस,” तिथली जुनी बाई पहिल्याच दिवशी तिला म्हणाली होती. “दिसायला मीही गरीबच दिसते.”

या बाईला सगळे कांजीबाई म्हणतात. कपड्याला कांजी द्यावी तशी तिची बोलण्याची इस्त्री. नवा सुपरवायझर असो की हॉस्पिटलचा मोठा डॉक्टर, वाकणं नाही.

हा नियम मावशी घरी येऊन खारूला गोष्टीसारखा सांगायची. इतर पोरांना राजाराणी, हिला अर्धवट लोड. एकदा सुपरवायझर म्हणाला, जाऊ दे, कोण बघतंय. तेव्हा कांजीबाईनं अख्खा ओला लोड त्याच्या बुटांवर ओतला. ती गोष्ट खारूला इतकी आवडायची की शेवटचं वाक्य तीच म्हणायची: “पुन्हा पहिल्यापासून!”

आता तुमच्या भेटी. नियम तुमचाच: तीन भेटींत तीनदा ‘नाही’ आलं की मूल संस्थेत. पहिल्या भेटीला तपासणीच्या बाई सहाला आल्या. मावशी बसनं घरी पोचते सव्वासहाला. पंधरा मिनिटं! खारूनं दार उघडलं, हातात जॅम लावलेला पाव. थंड. ‘नाही’. दुसऱ्या भेटीला मावशी धावत घरी आली, पायातल्या चपला न काढता गॅस पेटवला, बटाटे टाकले. बाईंनी घड्याळ पाहिलं.

“शिजतंय मॅडम, पंधरा मिनिटं.”

“शिजतंय म्हणजे तयार नाही ना?”

‘नाही’.

मावशीनं हात जोडले. म्हणाली, रविवारी या, तुम्ही म्हणाल ते करून वाढते. तपासणीच्या बाई म्हणाल्या, कामाच्या दिवसाचीच संध्याकाळ बघायची असते. आणि त्यांचं तरी काय चुकलं? त्यांना तुम्ही जे छापून दिलं, ते त्या भरत होत्या.

त्या आठवड्यात मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. चादरी घड्या घालताना एकदा तिनं एकाच चादरीची चारदा घडी घातली आणि चारदा मोडली. कांजीबाईनं बघितलं. दुसऱ्या दिवशी उशीच्या अभ्र्यात गुंडाळून एक जड वस्तू आणून तिच्या पुढ्यात आदळली. विजेवर चालणारा, मातीच्या भांड्याचा, काचेच्या झाकणाचा स्लो कुकर. बटणं नाहीत, दिवा नाही. एकच कान पिळायचा: बंद, मंद, जोरात.

“सुनेनं दिलं होतं. मला कशाला हवंय? मी दिवसभर घरी नसते तेव्हा घरात कुणी स्वयंपाक केलेला मला खपत नाही,” कांजीबाई म्हणाली. “सकाळी निघताना भरायचं, मंदावर ठेवायचं, विसरायचं. संध्याकाळी दार उघडलंस की जेवण तुझी वाट बघत असतं. येऊ दे तुझ्या त्या बाईला सहाला, नाही तर पावणेसहाला.”

“आणि त्यात करायचं काय?”

“कोंबडी कर, बये. लेकराला कोंबडी कर. हाडासकट मांड्या घे, छातीचं मांस त्यात चामड्यासारखं होतं. खाली कांदा, बटाटा, गाजर. मोठे तुकडे. वर कोंबडी. लसूण ठेचून, मिरपूड, मीठ, लिंबाची एक फोड. पाणी अर्धी वाटी, जास्त नाही. आणि झाकण उघडायचं नाही. एकदा उघडलंस की वीस मिनिटांची ऊब गेली.”

पहिल्या दिवशी मावशीनं नेहमीच्या सवयीनं पातेल्यात ओततात तसं पाणी ओतलं. संध्याकाळी त्यात मासे सोडता आले असते. दुसऱ्या दिवशी पाणी बरोबर, पण बटाटे दगड. खारूनं शाळेतून आल्यावर पाच वेळा झाकण उघडून बघितलं होतं.

“मी नुसतं विचारलं तिला, झालं का म्हणून,” खारू म्हणाली.

“कुणाला?”

“म्हातारीला.” तिनं कुकरकडे बोट दाखवलं. “दिवसभर बसून असते आणि पुटपुटते.”

तिसऱ्या दिवशी दार उघडलं आणि मावशी चप्पल काढायची विसरली. पूर्ण जिन्यात वास होता, आणि तो त्यांच्या घरातून येत होता. चमचा लावताच मांस हाडावरून सुटलं. बटाट्यानं रस पिऊन घेतला होता. खारूनं दोनदा वाढून घेतलं, तिसऱ्यांदा पावानं ताट पुसलं, आणि जेवता जेवता खुर्चीवरच तिचे डोळे मिटायला लागले. तिला अंथरुणावर टाकून मावशीनं सवयीनं मोजे चाचपले. रिकामे. अभ्रा चाचपला. रिकामा. दप्तर उघडलं. वह्या. मावशी त्या दप्तराशी बसून रडली. वर्षभरात पहिल्यांदा ते पोर उद्यासाठी काही न लपवता झोपलं होतं.

याला म्हणतात गरम जेवण. तुमच्या रकान्यात मावलं असतं का, ठाऊक नाही.

तिसरी भेट मंगळवारची. साडेसहा. या वेळी भेटीची वेळ सांगणारा कागद आधी आला होता. मावशीनं सकाळी कांदा, बटाटा, गाजर मांडलं, त्यावर मांड्या, लसूण, मिरपूड, मीठ, लिंबू. पाणी अर्धी वाटी, दोनदा मोजून. कान मंदावर. फळीवरच्या विजेवर चालणाऱ्या आकड्यांच्या घड्याळात सात सत्तावन्न झाले होते, म्हणजे खरे पावणेआठ. ते घड्याळ मावशीनं मुद्दाम बारा मिनिटं पुढे ठेवलेलं, बस चुकू नये म्हणून. घरात दोघींनाच ठाऊक. बाहेरचं कुणी विचारलं तर खारू मनातल्या मनात बारा वजा करून सांगायची. वजाबाकी ती तिथेच शिकली.

दिवसभर मावशीचा जीव टांगणीला. दुपारी कांजीबाई म्हणाली, “अगं, तोंड एवढंसं करून बसू नकोस. कोंबडीला परीक्षा द्यायची आहे, तुला नाही.”

साडेपाचला हजेरीचं कार्ड पंच केलं, बस पकडली, सहा वाजून पाचला उतरली, सव्वासहाला दारात. कुकर रटरटत होता. झाकणावर वाफेचे थेंब. खारूनं टेबल पुसून ठेवलेलं, तीन ताटल्या, तीन चमचे. वेणी स्वतःच घातलेली, एकीकडे झुकलेली.

“झाकण उघडलंस?”

“नाही. शप्पथ.” पण ती मावशीकडे बघत नव्हती. मावशीला वाटलं, घाबरलीय.

साडेसहाला तपासणीच्या बाई आल्या. दमलेल्या. दाराशीच नाक वर करून म्हणाल्या, “वास छान येतोय हं.” त्यांना जेवायचा आग्रह केला तर म्हणाल्या, नियमात नाही. मग खुर्चीवर बसल्या, फाइल मांडीवर घेतली. मावशीनं झाकण उचललं. सोन्यासारखी झाली होती कोंबडी. तिनं खारूला वाढलं: एक मांडी, दोन बटाटे, वरून रस. ताटलीतून वाफ निघाली. तपासणीच्या बाईंनी ती वाफ बघितली, पेन काढलं आणि ‘आहे’वर खूण केली.

हो. ती खूण खरी आहे. ती तिथे झाली. मावशीनं डोळ्यांनी पाहिली.

“वेळही लिहायची असते,” बाई म्हणाल्या आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं. “सहा छत्तीस.”

मावशीनं सवयीनं फळीकडे बघितलं. घड्याळात सहा छत्तीस.

क्षणभर तिला कळेचना काय खटकलं. मग लक्षात आलं. सहा अठ्ठेचाळीस हवे होते. ते घड्याळ बरोबर दाखवत होतं, आणि या घरात ते घड्याळ बरोबर दाखवणं म्हणजे कुणीतरी नव्यानं लावलेलं. नव्यानं लावलं, म्हणजे ते शून्यावर येऊन लुकलुकत होतं, आणि शून्यावर ते येतं फक्त वीज गेली की. म्हणजे वीज गेली होती.

“खारू,” मावशी म्हणाली. “घड्याळ कुणी लावलं?”

खारूचा चमचा ताटलीवरच थांबला.

“किती वेळ गेली होती?”

“मस्त झालंय, मावशी,” खारू म्हणाली. बघत होती मात्र तपासणीच्या बाईंकडे. “खूप मस्त झालंय. रोज असंच असतं.” आणि मांसाचा मोठा तुकडा चमच्यात घेऊन तिनं घाईघाईनं तोंडाकडे नेला.

मावशीनं हातावर मारलं. हो, मारलं. चमचा भिंतीवर गेला, रस फाइलवर उडाला, तुकडा फरशीवर पडला. ‘मुलीच्या हातावर मारले.’ हे तुमच्या कागदावरचं सगळ्यात खरं वाक्य आहे. चमचा तोंडापासून किती लांब होता, ते मात्र लिहिलेलं नाही. चार बोटं.

तपासणीच्या बाई उठून उभ्या राहिल्या. “हे काय करताय तुम्ही?”

“खारू, किती वेळ?”

“नऊपासून,” खारू रडायला लागली. “खालचे काका म्हणाले, मीटरचं काम होतं. दीडला आली. मी आले तेव्हा घड्याळ लुकलुकत होतं. तू बघितलं असतंस तर टाकून दिलं असतंस. पुन्हा पहिल्यापासून म्हणाली असतीस. आणि मग मॅडम आल्या असत्या आणि काहीच नसतं. म्हणून मी काकांच्या फोनमध्ये बघून...” पुढचं हुंदक्यात गेलं. बारा मिनिटं मिळवायची ती विसरली होती.

आता तुम्ही हिशेब करा, शिकलेले आहात. पावणेआठला कच्ची कोंबडी आत गेली. नऊला वीज गेली. सव्वा तासात मंद आचेवर ती कोमट झाली असेल, त्याहून जास्त नाही. मग दीडपर्यंत, साडेचार तास, कच्चं मांस, झाकण बंद, कोमट. त्या ओल्या उबेत काय वाढतं ते हॉस्पिटलच्या तळघरात काम करणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. ती तेच रोज धुते. नंतर पाच तास पुन्हा तापलं, शिजलं, मऊ झालं, वास सुटला. त्यात जे माजलं, त्यातलं सगळंच नंतरच्या उकळीनं जात नाही. दिसायला पांढराशुभ्र लोड.

मावशीनं हे सगळं तपासणीच्या बाईंना सांगितलं. एका श्वासात, धुलाई, तक्ता, कोमट, सगळं.

बाई ऐकून घेत होत्या. मग हळूच म्हणाल्या, “पण गरम तर आहे ना हे?”

“गरम आहे. पण खाण्यासारखं नाही.”

“माझ्याकडे ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच आहे.” त्यांनी फाइलवरचा रस रुमालानं पुसला. आवाज खाली आणला. “हे बघा, मी खूण केलेली आहे. मी आता निघते. मी गेल्यावर तुम्ही काय खाता, काय टाकता, मी बघायला येणार नाही. फक्त मी असताना हे... म्हणजे तिनं दोन घास...”

“म्हणजे तिनं दोन घास खायचे? तुमच्यासमोर?”

“मूल जेवताना पाहिलं, असं लिहावं लागतं.”

मावशीनं खारूकडे बघितलं. खारूनं डोळे पुसले होते. तिनं खाली वाकून चमचा उचलला, फ्रॉकला पुसला, आणि ताटलीकडे सरकली. “मी खाते, मावशी. दोनच. मला काही होत नाही.”

तेव्हा मावशीनं कुकरचा कान बंदवर पिळला, भांडं दोन फडक्यांनी धरून उचललं आणि कोंबडी, बटाटे, गाजर, सकाळी दोनदा मोजलेलं पाणी, सगळं कचऱ्याच्या डब्यात ओतलं. मग खारूची ताटली. हात भाजला. तिला कळलंही नाही.

“अंडी आहेत,” ती म्हणाली. “मॅडम, दहा मिनिटं द्या. फक्त दहा मिनिटं.”

“सातला पुढचं घर आहे मला.”

“मॅडम, तुमच्या पाया पडते.”

“अहो, असं करू नका.” बाईंनी पेन काढलं. पेनवरही रस होता. त्यांनी खुणेवर दोन रेघा मारल्या. दुसरी रेघ मारताना त्यांचा हात थांबला. कागद नीट बघितलात तर तिथे शाईचा ठिपका आहे. मग ‘नाही’वर खूण. शेरा लिहिताना ‘उद्धट’ कशासाठी लिहिलं, ते मावशीला अजून कळलेलं नाही. बहुतेक “दोन घास खायचे? तुमच्यासमोर?” असं विचारलं त्यासाठी.

सात वाजता त्या घरात गरम जेवण होतं. अंडी फेटून केलेली, पाव भाजलेला. बघायला कुणी नव्हतं. खारू खात होती. मग म्हणाली, “मी घड्याळ बारा मिनिटं पुढे लावलं असतं तर?”

मावशीला खोटं बोलता आलं असतं. “तर मला कळलं नसतं.”

“आपण खाल्लं असतं?”

“हो.”

“आणि आजारी पडलो असतो?”

“कदाचित.”

“पण मॅडमनी ‘आहे’ लिहिलं असतं.”

मावशी उठली आणि उगाचच ओटा पुसू लागली.

शुक्रवारी तुमचं पत्र आलं. सोमवारी सकाळी दहा, एक बॅग, लसीकरणाचं कार्ड. कांजीबाईनं ते पत्र धुलाईच्या तळघरात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं आणि घडी घालून मावशीच्या हातात परत दिलं. मावशी तुमच्या कचेरीत गेली होती. खिडकीतला माणूस म्हणाला, हरकत लेखी द्या, तीस दिवसांत उत्तर मिळेल. सोमवारला तीन दिवस आहेत हो, असं ती म्हणाली. तो म्हणाला, ते वेगळं टेबल.

काल रात्रीच्या जेवणानंतर मावशीनं बॅग भरायला घेतली. खारूचे मोजे उचलले तर जड लागले. आत बिस्किटं होती. दोन्ही मोज्यांत. दप्तरात पावाच्या कडा, रुमालात बांधलेल्या.

“तिकडे देतील की गं खायला,” मावशी म्हणाली.

“हो,” खारू म्हणाली. “पण तिकडे वीज गेली तर कुणाला कळेल?”

मावशीनं बिस्किटं परत मोज्यात घातली. आता तुमच्याकडून उत्तर हवंय. तीस दिवसांनी नको, सोमवारी दहाच्या आत. लेखी, तुमच्या सहीनं, तुमच्याच रकान्याच्या भाषेत. एकच प्रश्न, दोनच खुणा: त्या संध्याकाळी सहा छत्तीसला पोरीनं तो घास गिळायला हवा होता का? हो की नाही? एकावर खूण करा. आणि या वेळी खाडाखोड करू नका.